रंधाबाई आणि भुंग्यांची वस्ती

रंधाबाईचं भुंग्यांशी वैर वडिलोपार्जित होतं. घर, मागचा सुतारकामाचा कारखाना आणि दोन्हींमधलं अंगण यांच्याबरोबर तेही तिच्या वाट्याला आलं होतं. कारखान्याच्या छपराचे वासे पोखरणाऱ्या काळ्याकुळकुळीत, जाड भुंग्यांना तिचे वडील 'बिनपगारी कामगार' म्हणायचे. "फुकट राबतात, पण नको तिथे," असं पुटपुटत ते वाशातल्या भोकात लांबी, म्हणजे खडू-तेलाचा घट्ट लगदा, भरायचे आणि वरून अंगठ्याने दाबायचे. वडील गेले. हत्यारं मुलीने हातात घेतली, तसा लांबीचा डबाही घेतला.

तिचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. बोलणं असं की समोरच्याचा सगळा खडबडीतपणा एका वाक्यात सोलून निघायचा, लाकडावर रंधा फिरवावा तसा, म्हणून गल्लीने तिचं नाव रंधाबाई ठेवलं होतं. तिलाही ते आवडायचं. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं, की म्हणायची, "चौकटीत बसणारा सापडला नाही, आणि तासून बसवण्याइतका वेळ नव्हता." काम मात्र असं चोख, की तिने बसवलेलं दार वीस पावसाळ्यांनंतरही नुसत्या बोटाने ढकललं तर उघडायचं.

अशा या बाईच्या घरी एके दिवशी तिची वहिनी राहायला आली. थोरला भाऊ दूरच्या गावी छापखान्यात होता, तो अचानक गेला. वहिनीला मूलबाळ नव्हतं, ते भाड्याचं घर एकटीला परवडणारं नव्हतं. रंधाबाईने टेम्पो पाठवला आणि निरोप दिला, "निघून या, खोली रिकामीच आहे." वहिनी आली ती दोन ट्रंका आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेली एक वेल घेऊन.

नणंद-भावजय एकाच छपराखाली राहत होत्या, पण स्टेशनच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशांसारख्या. भांडण नव्हतं. "चहा ठेवू का, वन्सं?" "ठेवा." एवढ्यावर दिवस निघायचा. वहिनी मुळातच अबोल. रंधाबाईला अबोल माणसापुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. तिची सगळी धार उलट बोलणाऱ्यांसाठी होती.

वहिनी बोलायची ती वेलीशी. पॅशन फ्रूटची वेल होती ती. अंगणात रुजली, कारखान्याच्या भिंतीवर चढली, आणि रंधाबाईने तिला उरल्यासुरल्या पट्ट्यांचा मांडव करून दिला. पुढच्याच वर्षी भर दुपारी मांडवाला फुलं उमलायला लागली. पांढऱ्या पाकळ्या, त्यावर जांभळ्या बुडाच्या तंतूंची झालर, आणि मधोमध घड्याळाच्या यंत्रासारखं काहीतरी गुंतागुंतीचं. येणारं गिऱ्हाईक खुर्चीची मापं सांगायची विसरून वर बघत राहायचं. पण संध्याकाळी फुलं मिटायची, दोन-चार दिवसांत पिवळी पडून खाली यायची. फळ धरायचं नाही. एकही.

"तिकडे लगडायची हो," वहिनी एकदा आपणहून म्हणाली. "यांना रस आवडायचा. बादलीभर फळं निघायची."

दुसऱ्याही हंगामात तेच. मग एका सकाळी शेजारची बेकरीवाली कुंपणावरून डोकावली. वहिनीने तिला हौसेने या वेलीची फांदी दिली होती, ती तिच्या भिंतीवर पसरली होती. बेकरीवाली मनाची वाईट नव्हती, पण तिची जीभ तिच्या भट्टीसारखी, कायम पेटलेली.

"कशाला पाणी वाया घालवता? वांझ वेल आहे ती," ती म्हणाली. "माझ्याकडेही नुसतीच फुलं. उपटा आणि काकडी लावा."

वहिनीने झारी खाली ठेवली आणि ती आत निघून गेली.

रंधाबाई करवतीच्या यंत्रापाशी उभी होती. वहिनीचा चेहरा तिला ओझरता दिसला. सासरमाहेरच्या बायका, चुलत्या, शेजारणी, कुणी कुणी हा शब्द या बाईला किती वर्षं ऐकवला होता, ते तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी वहिनीत काही दोष नाही असं सांगितलं होतं, तरी शब्द सुटला नव्हता. आणि आता तो वेलीवरून फिरून पुन्हा तिच्याच अंगावर आला होता. रंधाबाईने यंत्र बंद केलं, हात झटकले आणि भाचीला फोन लावला.

भाची म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी, शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सुट्टीच्या दिवशी ती भिंग घेऊन आली. दुपारी फूल उमललं तसं तिने एक खुडलं आणि कारखान्याच्या कामाच्या टेबलावर, भुसा फुंकून, मधोमध ठेवलं.

"मामी, तुम्ही पण या. हे बघा. हे पाच लोंबते आहेत ना, हे परागकोश. यातली पिवळी पूड म्हणजे परागकण, नराचा वाटा. आणि वर हे तीन दांडे, टोकाला बटणासारख्या कुक्षी, हा मादीचा वाटा. खाली हा हिरवा मणी, ते अंडाशय. त्यात बीजांडं आहेत. एक परागकण कुक्षीवर पडला, की त्याची नळी खाली उतरते आणि एका बीजांडाला भेटते. मग त्याची बी होते."

"आणि फळ?" वहिनीने विचारलं.

"प्रत्येक बीभोवती रसाची एक पिशवी तयार होते. जितके कण पोचतील तितक्या बिया, जितक्या बिया तितका रस. एकही नाही पोचला, तर फूल गळतं. वेलीत काही खोट नाही, मामी. फूल अगदी सगळं बरोबर करतंय. त्याच्याकडे कुणी येत नाहीये, एवढंच."

"मधमाश्या येतात की! ढिगाने येतात," रंधाबाई म्हणाली.

"त्या केवढ्याशा! खालच्या खाली पूड गोळा करून पळतात, वरच्या कुक्षीला त्यांचा धक्काही लागत नाही. या फुलाला दणकट पाहुणा लागतो. मध प्यायला खाली बसला की पाठ वर घासली पाहिजे. तो मोठा काळा भुंगा असतो ना, लाकडात भोकं पाडणारा..."

भाची बोलता बोलता थांबली, कारण मावशी तिच्याकडे बघत नव्हती. मावशी फळीवरच्या लांबीच्या डब्याकडे बघत होती. छपराच्या प्रत्येक वाशावर पांढरे गोल ठिपके होते, वडिलांच्या अंगठ्याचे आणि तिच्या. वहिनीनेही वर पाहिलं, आणि मग नजर टेबलावरच्या फुलाकडे वळवली.

"तोवर बोटाने करून बघा," भाची सावरून घेत म्हणाली. "एका वेलीची पूड घ्यायची, दुसऱ्या वेलीच्या फुलाला लावायची."

दुसरी वेल कुंपणापलीकडे होतीच. आठवडाभर वहिनी बेकरीवाल्या बाजूची फुलं आणून मांडवावरच्या फुलांना लावत राहिली. सगळी गळली. रंधाबाईने भाचीला फोनवर चांगलंच रंधलं.

"मावशी, थांब. बेकरीवाल्या काकूंची वेल आली कुठून?"

"आमचीच फांदी की."

"मग ती दुसरी वेल नाहीच! फांदी लावून झालेली वेल म्हणजे तीच वेल, फक्त दोन भिंतींवर. या जातीची वेल स्वतःचे परागकण घेतच नाही, ओळखते आणि नळी अडवते. बीपासून वाढलेली, वेगळ्या रक्ताची वेल शोधा."

"म्हणजे तिकडच्या गावी..." वहिनी हळूच म्हणाली. "तिकडे पलीकडच्या घरीही वेल होती. त्यांनी बीच लावली होती. आणि कुंपण होतं, जुन्या ओंडक्यांचं. भुंगे घोंगावायचे तिथे."

गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लॉन्ड्रीवाल्याच्या दारावर वेल आहे, हे रंधाबाईला आठवलं. त्याच्या दुकानाची कपाटं तिने केली होती. त्याची वेल फळाच्या बीपासून उगवलेली, आणि रडगाणं तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जेवणाचा रिकामा डबा घेऊन एकटी बसने गेली आणि डबाभर फुलं घेऊन आली. जाताना इथली काही फुलं लॉन्ड्रीवाल्याला देऊन, बोटाने कसं लावायचं तेही शिकवून आली. त्या घरात राहायला आल्यापासून ती पहिल्यांदाच एवढी लांब एकटी गेली होती.

फुलं मिटली. गळायचा दिवस आला, गेला. आणि एका सकाळी यंत्राच्या घरघराटातून रंधाबाईला हाक ऐकू आली. वहिनीचा आवाज एवढा मोठा निघू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"वन्सं! वन्सं, बंद करा ते! धरलंय! अहो, फळ धरलंय!"

मण्याएवढं अंडाशय आवळ्याएवढं झालं होतं. एक नाही, जिथे जिथे वहिनीचं बोट लागलं होतं तिथे तिथे. रंधाबाई शिडीवर चढून एकेका फळाला हात लावून आली आणि उतरल्यावर वहिनीकडे बघून नुसतीच हसत राहिली. पहिलं पिकलेलं फळ तिने पटाशीनेच कापलं. आत केशरी रस आणि काळ्या बियांची नुसती दाटी. दोघींनी टेबलापाशी उभ्या उभ्या, भुशाच्या वासात, बोटं चाटत खाल्लं.

लॉन्ड्रीवाल्याच्या वेलीचं रोप त्यांनी मांडवाच्या दुसऱ्या पायाशी लावलं. पण पुढच्या बहरात फुलंच इतकी आली, की दोघींचे हात पुरेनात. रंधाबाई शिडीवर, हातात पॉलिशचा बारीक ब्रश, खाली गिऱ्हाईक ताटकळलेलं.

"कारखाना चालवू की या फुलांची लग्नं लावत बसू?" ती वरून ओरडली.

"ज्यांचं काम त्यांना देऊ या," वहिनी खालून म्हणाली.

ज्यांचं काम ते उरले होते कुठे? रंधाबाईच्या छपरात एक भुंगा शिल्लक नव्हता. ती हिरिरीने शोधायला लागली, आणि सापडला तो भलत्याच जागी. कारखान्यामागे टाकून दिलेला एक मऊ लाकडाचा वासा तिने चिरायला घेतला, पातं अर्ध्यावर गेलं आणि आतून निराळाच भुसा उडाला. यंत्र थांबवून तिने वासा हलकेच उकलला. आत सरळ, गुळगुळीत बोगदा. बोगद्यात ओळीने खोल्या. दोन खोल्यांमध्ये भुसा चावून, थुंकीने चिकटवून केलेला गोल पडदा. प्रत्येक खोलीत परागाचा एक गोळा आणि त्यावर एकेक पांढरी अळी.

रंधाबाई खाली बसली. "वहिनी, हे बघा," ती म्हणाली. "काटकोन बघायला गुण्या नाही, भोक पाडायला गिरमिट नाही. आणि भिंत बघा कशी घातलीय. माझ्या वडिलांना दाखवायला पाहिजे होती."

"एका आईची एवढीच पोरं?" वहिनीने वाकून पाहिलं. "बोटांवर मोजण्याइतकी."

संध्याकाळी भाचीने सांगितलं ते दोघींनी फोन मध्ये ठेवून ऐकलं. घरमाशी शेकडो अंडी घालून मोकळी होते, पोरांचं काय होतं ते बघायला थांबत नाही. तिची कितीही मेली तरी संख्या परत भरून येते. भुंग्याची मादी थोडी घालते, मोठी घालते, प्रत्येकाच्या उशाशी शिदोरी ठेवते. तिची एक पिढी बुजली तर ते भरून यायला वर्षं लागतात.

रंधाबाईने चिरलेल्या वाशाचे दोन्ही भाग जसेच्या तसे जुळवले, शिकंज्यात आवळले, दोरीने बांधले आणि मांडवाखाली टांगले. पातं लागलेल्या खोल्या गेल्या. पण काही आठवड्यांनी एका टोकातून काळं चकचकीत डोकं बाहेर आलं, पंख उन्हात निळे चमकले. दोघी लहान मुलींसारख्या एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या.

मग मात्र तिने हत्यार उपसलं. भुंगा रंग दिलेलं लाकूड शक्यतो घेत नाही, त्याला मऊ, कोरं, सुकं लाकूड लागतं. तिने छपराचे सगळे वासे घासून त्यांना तेलरंगाचे हात दिले. आणि टाकाऊ मऊ लाकडाचे जाड ठोकळे केले, प्रत्येकाला सुरुवातीपुरतं एक आखूड भोक पाडलं, पावसाला वर पत्र्याची टोपी घातली, आणि मांडवाभोवती टांगले. पहिल्या हंगामात ते बहुतेक रिकामेच राहिले. बेकरीवाली म्हणाली, "आता भुंग्यांना भाड्याने खोल्या?" रंधाबाई म्हणाली, "हो. आणि ते तुमच्यापेक्षा कमी आवाज करतात."

दुसऱ्या हंगामात चार-पाच ठोकळ्यांखाली ताजा भुसा पडलेला दिसला. नेमका त्याच सुमारास नव्या दवाखान्याच्या दारांचं काम देणारा ठेकेदार आला. वर्षातलं सगळ्यात मोठं काम होतं ते. एक भुंगा त्याच्या कानाजवळून घोंगावत गेला, तसा तो दचकून मागे सरकला.

"सुताराच्या दारात लाकूड पोखरणारे किडे? बाई, माझी दारं इथे बनली तर दवाखाना चाळणी होईल." आणि तो काम घेऊन निघून गेला.

दुपारी रंधाबाई अंगणात आली तेव्हा वहिनी विळा घेऊन मांडवाखाली उभी होती. डोळे कोरडे, पण ओठ घट्ट मिटलेले.

"माझ्या वेलीपायी तुमचा धंदा नको बुडायला, वन्सं."

"विळा खाली ठेवा," रंधाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच जड वाटला. "तुमची वेल कसली? मांडव माझा, भुंगे माझे. शिडीवर चढून चढून कंबर मोडली ती माझी. आपली वेल आहे ही. आणि कुणी ठेकेदार येऊन सांगणार म्हणून माझ्या घरातलं काही कापलं जाणार नाही. वेल नाही, आणि तुम्ही तर नाहीच नाही."

वहिनी तिथेच पायरीवर बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मनसोक्त रडली. रंधाबाईला सांत्वन करता येत नव्हतं. ती शेजारी बसून राहिली, आणि नंतर चहा तिने केला. भयंकर झाला होता. वहिनीने सगळा प्यायला.

ठेकेदाराला रंधाबाईने तोंडाने उत्तर दिलं नाही. तिने एक दार केलं, दवाखान्याच्या मापाचं, रंग देऊन पूर्ण, आणि ते ठोकळ्यांच्या मधोमध उभं केलं. हंगामभर भुंगे त्याच्या दोन्ही अंगांनी ये-जा करत राहिले. बहर संपल्यावर तिने ठेकेदाराला बोलावलं. "भोक शोधा." त्याने चष्मा लावून, वाकून, वर-खाली, कडेकडेने पाहिलं. नख लावून पाहिलं. तो प्रामाणिक माणूस होता. दुसऱ्या सुताराची दारं पावसात फुगली होती, हेही त्याने तिथेच कबूल केलं आणि उरलेलं सगळं काम रंधाबाईला दिलं.

आणि मग आला तिसरा हंगाम. दुपारी फुलं उघडायला लागली की अंगणात मोठी घोंगावणी सुरू व्हायची, जणू यंत्र बंद करायचं राहून गेलंय. जाड काळे भुंगे फुलांत धपकन बसायचे, फूल वाकायचं, पाठ पिवळीधमक व्हायची, की निघाले पुढच्या फुलाकडे, या वेलीवरून त्या वेलीवर, कुंपणापलीकडे, तिथून आणखी पलीकडे. वहिनी पायरीवर हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसायची. ब्रश कधीच पॉलिशच्या डब्यात परत गेला होता.

फळं आली ती मांडव झुकवून आली. रंधाबाईला मध्ये दोन टेकू द्यावे लागले. बेकरीवाल्या बाजूची भिंत दिसेनाशी झाली. गल्लीत कुणाच्या भोपळ्याला, कुणाच्या वांग्याला अचानक जोर चढला. भुंगे काय फक्त एका दारी थोडेच जातात? लोक पिशव्या घेऊन येत, आणि वहिनी कात्रीने देठ कापत प्रत्येकाला दोन वाक्यं ऐकवायची: दोन वेगळ्या वेली लावा, आणि लाकडातलं भोक दिसलं की लगेच बुजवू नका.

बेकरीवालीही आली. टोपली मागे धरून थोडा वेळ घुटमळली.

"ते मी मागे बोलले होते..." ती म्हणाली. "माझी जीभ जळो."

"भट्टीजवळ राहता, तेवढं सांभाळून," वहिनी म्हणाली, आणि तिची टोपली काठोकाठ भरली. रंधाबाई आतून ऐकत होती. तिला हातातलं काम सोडून मोठ्याने हसावं लागलं. आपल्या वहिनीला धार आली होती!

बातमी डोंगराकडच्या बागवाल्यांपर्यंत पोचली. तिकडे एकरच्या एकर पॅशन फ्रूट होतं, आणि बहरात माणसं लावून फूल न् फूल हाताने जुळवावं लागत होतं. त्यांच्यातला एक म्हातारा बागवाला येऊन अंगण बघून गेला आणि ट्रकभर ठोकळ्यांची मागणी देऊन गेला. रंधाबाईने हाताखाली दोन बायका घेतल्या, लांबीचा जुना डबा भंगारात दिला, आणि ठोकळे तयार झाले तसा ट्रक भरला. काही ठोकळे रिकामे, काही वसलेले, तोंडांना जाळी लावलेले.

ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी नणंद-भावजय दोघी बसल्या. बागेत पोचल्यावर बागवाले, त्यांच्या बायका, मजूर सगळे गोळा झाले आणि रंधाबाईकडे बघायला लागले. रंधाबाईने वहिनीकडे बोट केलं. "मी फक्त घरं बांधते. बाकीचं यांना विचारा."

वहिनी एका उलट्या क्रेटवर चढली. क्षणभर तिने पदर सावरला. मग शेजारच्या वेलीवरचं फूल हातात घेऊन तिने बोलायला सुरुवात केली: हे परागकोश, ही कुक्षी, हे अंडाशय. आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचत होता. कुणीतरी विचारलं, भुंगे यायला किती वेळ लागेल. ती म्हणाली, दोन-तीन वर्षं धीर धरा, फवारणी फुलं मिटल्यावरच करा, आणि तोवर बोटं आहेतच. माणसं माना डोलवत होती. म्हातारा बागवाला आपल्या मुलाला म्हणाला, "नीट ऐक, या बाई काय सांगतात ते."

रंधाबाई तोवर शिडीवर चढून पहिला ठोकळा खांबाला ठोकत होती. खाली बोलणं मध्येच थांबलं.

"वन्सं," वहिनीने क्रेटवरूनच हाक मारली. "तो तसा नको. दुपारचं ऊन थेट लागेल. सावलीच्या बाजूला घ्या."

आजवर कुणाची छाती झाली नव्हती रंधाबाईला खिळा कुठे मारावा ते सांगायची. तिने खिळा उपटला, ठोकळा फिरवून सावलीत धरला आणि वरून विचारलं, "आता?"

"आता बरोबर," वहिनी म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.